काचेचं केळीचं पान: तेरावी भट्टी

फुटक्या बाटल्यांचा चुरा मातीच्या साच्यात भरून विजेच्या भट्टीत वितळवते, तसं केलेलं पान अखेर सलग निघालं. हाताच्या पंज्याएवढं, आठ मिलिमीटर जाड. मधली शीर आणि तिच्या दोन्ही अंगांच्या रेघा बोटाला लागतात. हिरवा रंग बाटलीचाच, वरून काही घातलेलं नाही.

पण आधी अकराव्या आणि बाराव्या भट्टीचं सांगते, कारण शिकले तिथंच. अकरावीत वाळत आलेल्या पानाची कड हवी म्हणून हिरव्या चुऱ्याच्या काठानं तपकिरी बिअरच्या बाटलीचा चुरा भरला. निघालं तेव्हा असं देखणं, की मी शेजारी दाखवून आले. दोन दिवसांनी रात्री स्वयंपाकघरात ‘टक्’ झालं. सकाळी पाहते तर बरोबर जोडावर भेग. बाटल्यांची काच सोडा-चुन्याचीच असली तरी प्रत्येक कारखान्याचं मिश्रण थोडं वेगळं, त्यामुळे निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. हे मला माहीत होतं, पण रंगाचा मोह आवरला नाही. आता एका तुकड्यात एकाच बाटलीचा, फार तर एकाच खोक्यातल्या बाटल्यांचा चुरा.

तरी कुणाला रंग मिसळायचेच असतील तर आधी दोन लहान पट्ट्या जोडून बघा. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर पोलराइज्ड गॉगल धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवायचा आणि जोड मधे आणायचा. जोडाभोवती उजेड दिसला तर तिथं ताण आहे, तो जोड कधीतरी जाणार.

बारावीत चुरा कमी पडला. काच पुरती वितळली की पृष्ठताणामुळे साधारण 6 मिलिमीटर जाडीला येऊ बघते. मी पातळ थर दिला, तो जागोजागी गोळा झाला आणि मधे भोकं पडली. सासूबाई अमळनेरकडच्या. हातात घेऊन म्हणाल्या, “हाई काय शे?” केळीचं पान म्हटल्यावर त्यांनी भोकातून माझ्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

साचा तोच आहे. रावेरहून आणलेलं कोवळं पान मातीत दाबून कुंभारदादांकडून आव्यात भाजून घेतलेला. आतून ॲल्युमिना आणि चिनी मातीचा लेप दर वेळी नव्यानं द्यावा लागतो, नाहीतर काच साच्याला धरते. चुरा कुटताना काच ओली ठेवते आणि मास्क लावते. ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

तेरावीचं तापमान असं ठेवलं: 540 अंशांपर्यंत ताशी 150, तिथून 800 पर्यंत कॉइलला जमेल तितक्या वेगानं, वर पंधरा मिनिटं. हा मधला टप्पा रेंगाळला तर बाटलीच्या काचेत स्फटिक धरतात आणि वर पांढुरकी, खरखरीत साय येते. त्यावर उपाय आपल्या जळगावच्या सराफ बाजारातच सापडला. सोनार डाग द्यायला वापरतात तो टाकणखार. पाण्यात विरघळवून चुऱ्यावर फवारला आणि पृष्ठभाग अगदी चकचकीत आला.

मग काचेतला ताण निघावा म्हणून 545 ला दीड तास मुक्काम, पुढे 400 पर्यंत ताशी 40 नं उतार आणि नंतर भट्टी बंद. झाकण दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. खरी कसोटी या मुक्कामाची, कारण आमच्याकडे वीज नेमकी तेव्हाच जाते. नववी भट्टी तशीच गेली होती. आता झाकणावर सिरॅमिक वूलचा दुहेरी थर आहे, त्यामुळे अर्धा-पाऊण तास वीज गेली तरी भट्टी एकदम निवत नाही. बाकी मे महिन्यात, बाहेर 44 अंश असताना, गच्चीवरच्या खोलीत भट्टी लावणाऱ्या बाईबद्दल गल्लीत काय बोलतात ते मला ऐकायचं नाही.

हा नाद लागला ओकिनावामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या जपानी बेटावर कच्च्या मालाची टंचाई होती. तिथल्या कारागिरांनी अमेरिकी तळांवरून टाकलेल्या कोलाच्या आणि बिअरच्या बाटल्या वितळवून भांडी केली. जाड काच आणि अडकलेले बुडबुडे हा खरं तर दोष, तोच पुढे तिथल्या र्‍युक्यू काचेची ओळख झाला. बेटावरून रिकामी काच बोटीनं परत पाठवणं परवडत नाही, ती वजनाला भारी आणि भावाला हलकी. आपल्याकडे चारी बाजूंनी समुद्र नाही, तरी फुटक्या काचेचं तेच होतं. आमचे भंगारवाले दादा अख्ख्या बाटल्या मोजून घेतात. फुटकी दाखवली की, “ताई, हे राहू द्या.” तेच राहू दिलेलं मी घेते.

चौदावीत बुडबुडे मुद्दाम ठेवून बघणार आहे. चुरा बारीक घेतला तर हवा जास्त अडकावी.

तेरावीचं पान सासूबाईंनी देवघरात नेलं आहे. कापूर ठेवायला छान, म्हणाल्या. ठेवा, पण त्यावर पेटवू नका, हे दोनदा सांगून झालंय.