पुस्तकावरून जपानी: शिकवायला कुणी नसेल तेव्हा

जपानीची नावाजलेली पाठ्यपुस्तकं वर्ग आणि शिक्षक गृहीत धरून लिहिलेली आहेत, त्यामुळे विकत घेण्याआधी बघायचं ते एकच: चुका कोण दाखवणार? 'गेन्की'ची उत्तरसूची वेगळी येते. 'मिन्ना नो निहोंगो'चं मुख्य पुस्तक तर सगळं जपानीत. भाषांतर आणि व्याकरणाचा खुलासा दुसऱ्या पुस्तकात. ते नसेल तर एकट्याने पहिल्याच धड्याला गाडी अडते. दोन्हींतलं एक धरा आणि तेच तडीस न्या. गेन्कीचे दोन भाग मिळून २३ धडे, मिन्नाचे ५०. क्रियापदाचं ते-रूप (आपल्या 'वाचून', 'जाऊन'सारखं जोडरूप) एकात सहाव्या धड्यात, दुसऱ्यात चौदाव्या. इकडून तिकडे उड्या मारल्या की शब्द आणि व्याकरण यांचा मेळच बसत नाही.

पुस्तक उघडण्याआधी हिरागाना, आणि पाठोपाठ काताकाना, या जपानीच्या दोन उच्चारलिप्या. मूळ अक्षरं प्रत्येकी ४६. काताकानात शि आणि त्सु हमखास गोंधळतात: शि-ची लांब रेघ खालून वर जाते, त्सु-ची वरून खाली. हाताने लिहिलं तरच हा फरक डोक्यात राहतो. जपानी ओळींवर देवनागरीत उच्चार मात्र लिहून ठेवू नका, डोळे तेच वाचत बसतात.

उच्चारात आपलं बरंच फावतं. 'त्सु' म्हणजे 'चूल'मधला चू, फक्त ऱ्हस्व. अडतं ते लांबीवर. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाआसान म्हणजे आजी. तो जास्तीचा 'आ' पूर्ण एक मात्रा खातो. म्हणून धड्याचा संवाद आधी पुस्तक मिटून ऐका, मग वाक्यागणिक थांबवून श्रुतलेखन करा आणि छापील मजकुराशी ताडून बघा. सुटलेला दीर्घ स्वर, सुटलेला छोटा त्सु (पुढचं व्यंजन दुप्पट करणारी खूण) लगेच सापडतो. शिक्षकाचं निम्मं काम इथेच होतं.

वाक्यरचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. त्या भरवशावर माणूस गाफील राहतो आणि प्रत्ययांत फसतो. आपण 'घरात आहे' आणि 'घरात वाचतो' दोन्हीकडे 'त' लावतो. जपानीत असण्याला नि, करण्याला दे: इए नि इमासु, पण इए दे योमिमासु. 'पुस्तक वाचतो' म्हणताना आपण कर्माला काही लावत नाही, तिथे 'ओ' लागतो: होन ओ योमिमासु. उलट 'मित्राला भेटतो' जसंच्या तसं उतरतं, तोमोदाची नि आइमासु. प्रत्येक नवं क्रियापद वहीत प्रत्ययासकट उतरवा, नुसतं नाही.

ते-रूपावर बरेच जण पुस्तक मिटतात. रूपं कशी बदलतात त्यावरून क्रियापदांचे गट पडतात. पहिल्या गटातल्या क्रियापदांचा नियम शेवटच्या अक्षरावर आहे: उ, त्सु, रु असेल तर त्ते, मु, बु, नु असेल तर न्दे, कु-चं इते, गु-चं इदे, सु-चं शिते. अपवाद एक, इकु-चं इत्ते. दुसऱ्या गटात रु काढून ते लावायचं, संपलं. गोची अशी की पहिल्या गटातली काही क्रियापदं दुसऱ्या गटासारखी दिसतात: काएरु, हाइरु, शिरु. किरु तर दोन आहेत. कापणं असेल तर कित्ते, अंगात घालणं असेल तर किते. नवं क्रियापद इरु किंवा एरु-ने संपत असेल, तर गटाचा आकडा तिथल्या तिथे शेजारी लिहा. नंतर अंदाजाने ठरवता येत नाही.

कांजी, म्हणजे चिनीतून आलेली शब्दचिन्हं, तिसऱ्या-चौथ्या धड्यापासून पुरे. गेन्कीत शेवटपर्यंत ३१७ येतात. एकेका चिन्हाचे सगळे उच्चार घोकण्यात वेळ जातो आणि वाचता काहीच येत नाही. धड्यात आलेला आख्खा शब्द लिहा, उच्चार त्याच्याबरोबर येतो. नवा धडा सुरू करण्याआधी मागच्या धड्याचं श्रुतलेखन पुन्हा एकदा करा. ओळीमागे एकाहून जास्त चूक होत असेल तर पुढचा धडा थांबू द्या.