तीन वाजताचा भीमपलासी

दुपारच्या शाळेतला मधल्या सुट्टीनंतरचा तास शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. डबे संपलेले असतात, पळापळीनं शर्ट पाठीला चिकटलेले असतात आणि पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देतो. अशा वेळी आठवी 'ब'च्या ५२ मुलांकडून निबंध लिहून घ्यायचा. सुट्टीतल्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, की मुलं लिहीत असताना वर्गात हळू आवाजात शास्त्रीय संगीत लावा, मन एकाग्र होतं. पडद्यावर पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टचं चित्रही होतं. चहा येईपर्यंत सगळ्यांना ते पटलेलं होतं.

त्या मोझार्टची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ३६ जणांना त्याची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि मग कोडी घातली. कागद असा दुमडून असा कापला, तर उलगडल्यावर कसा दिसेल? संगीतानंतर ती जरा बरी सुटली आणि पाव तासात तो गुण ओसरला. हे ३६ जण कॉलेजातले, शाळकरी पोर त्यात एकही नाही. शिवाय संगीत कोडी सोडवण्याआधी लावलेलं, सोडवताना नव्हे! पण बातमीला पाय फुटले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी अशा संगीताची कॅसेट किंवा सीडी पोचवायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. पुढे २००१ मध्ये कॅनडातल्या काहींनी मोझार्टच्या शेजारी अल्बिनोनी हा दुसरा संगीतकार ठेवून पाहिला. मोझार्टच्या खेळकर रचनेनं गुण वाढले, अल्बिनोनीच्या संथ, उदास रचनेनं नाही. म्हणजे करामत तरतरीची. ती आमच्या प्रशिक्षणातल्या चहातही होती, पण चहाचं चित्र पडद्यावर कोण लावणार?

एवढं वाचूनही मी स्पीकर नेलाच. त्यात विज्ञान कमी आणि हट्ट जास्त. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेच्या मातीत विसावलेत, तिथे शिकवायचं आणि वर्गात मोझार्ट लावायचा, हे मनाला येईना. तीन वाजत होते, म्हणून भीमपलासी. वेळेचा राग वेळेला. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू झाला. पहिल्या लांब आलापाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्यांना काय होतंय?" वर्ग फुटला. पाच मिनिटं हसण्यात गेली आणि गाणारे बुवा मात्र शांतपणे निषादावर उभे.

दुसऱ्या दिवशी शब्द आणि गळा दोन्ही टाळून सतार लावली. हे जमलं. खरंच जमलं, मान्य करायला हवं. आलापात माना खाली गेल्या, पेनांची खरखर ऐकू येऊ लागली. मी दारात उभी राहून कौतुकानं बघत होते. पुढे द्रुत गत आली तशी पेनं धावू लागली. 'झाला' हा शेवटचा झपाट्याचा भाग आला तेव्हा अक्षरांचे पाय मोडायला लागले आणि तिसऱ्या रांगेत एकानं बाकावर ठेका धरला. ठेका बरोबर होता, त्यामुळे ओरडताही येईना. सगळा रंग चढलेला असताना मोबाईलनं मध्येच जाहिरात वाजवली, 'दोन मिनिटांत कर्ज, कागदपत्रांशिवाय!' त्या दिवशीच्या निबंधांपैकी निदान चार निबंधांत पावसाळ्याच्या वर्णनात सावकार आला.

पण खरी पंचाईत माझी झाली. मी लहानपणी पेटीच्या बाईंकडे जाऊन गाण्याच्या दोन-तीन परीक्षा दिल्यात. तेवढं शिक्षण बिघडायला पुरतं. लाल पेन हातात घेऊन वह्या तपासायला बसले की कान तिकडे. बारा मात्रांचा एकताल, त्यात विलंबित. गायक समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अगदी जवळ येऊन पुन्हा मागे फिरतो तेव्हा माझं पेनही 'ऱ्हस्व की दीर्घ' यावर अधांतरी थांबतं. सम आली की मी दाद दिल्यासारखी खूण करते, मग ती चुकीवर असो की बरोबरावर. ज्यांना त्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी ते पंख्याच्या आवाजासारखं. ज्याला थोडंसं कळतं, त्याचं मात्र दुसरं काम बुडालंच. मैफलीला पुढे बसून कुणी भाजी निवडत नाही, आणि आम्ही वर्गात नेमकं तेच करायला निघालो होतो.

म्हणून शेवटी तडजोड केली. मोबाईलवरचा तानपुरा. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज, पुन्हा पंचम. काही घडत नाही, कुणाला कुठे पोचायचं नाही. आठवी 'ब'ला हे मानवलं. सलग आठ दिवस निबंध लिहून झाले, मुख्याध्यापक दारातून डोकावून मान हलवून गेले.

नवव्या दिवशी खिडकीकडच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. त्याच्या घरी तंबोरे करतात. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी कधीकाळी वाद्यं करायला घेतली, आणि इथल्या सतारीला नि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या पोराला त्याचं काही अप्रूप नाही. त्याच्यासाठी ते घरभर पसरलेले भोपळे आणि पॉलिशचा वास.

"मॅडम, हे बंद करा की. ध्यान लागंना."

मी म्हटलं, "अरे, सगळ्यांचं लागतंय."

"याची जवारी मेलीय. दर खेपेला एकसारखंच वाजतंय. आमच्याकडं असला तंबोरा गिऱ्हाईक परत आणून देतंय."

मग त्यानं दप्तराच्या पट्ट्याचा सुटलेला एक धागा ओढला आणि बाकाच्या कडेवर दाखवायला लागला. ही घोडी, तिच्यावर टेकलेली ही तार. तारेखाली दोरा असा सरकवायचा, अगदी केसभर मागं-पुढं, की तार गुणगुणायला लागते, तीच जवारी. दोरा हलला की ती मुकी. मुळात घोडीचा उतारच चुकला असेल तर दोरा काय करणार, ती आधी कानसीनं घासावी लागते, आणि वडील ते काम दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आजूबाजूची पोरं पेनं टाकून त्या धाग्याकडे वाकली होती. मी मोबाईल बंद केला. तासाची घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

वह्या गोळा केल्या. त्याच्या वहीत 'पावसाळ्यातील एक दिवस' एवढं शीर्षक होतं, आणि समासात घोडीचं बारकंसं चित्र.