फेमस ते टिकत नाही : आमच्या शिदोरीची वाटचाल

आमच्याकडे फोन करणाऱ्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सावजी आहे का? नाही. तर्री पोहे? नाही. मग पाटवडी रस्सा तरी? तोही नाही. विदर्भाचं म्हणून बाहेर जे जे गाजलंय, त्यातलं जवळजवळ काहीच आमच्या प्रवासाच्या जेवणाच्या खोक्यात नसतं. आमचा धंदा टिकला तो त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आमचं गाव कारंजा लाड तालुक्यातलं, जिल्हा वाशिम. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तेव्हा आमचा बायकांचा बचत गट पापड, कुरड्या आणि शेवया करायचा. उन्हाळ्यात मरणाचं काम, बाकी वर्षभर वही कपाटात. माझे भाऊजी भाड्याची गाडी चालवतात. रस्ता सुरू झाल्या झाल्या शिर्डीचं भाडं मारून आले आणि ओसरीत बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, रस्ता लोन्यावानी हाये, पन पोटाले काईच नाई. पानी पेत पेत गेलो." तेव्हा खरंच तसं होतं. पेट्रोल पंप मोजके, चहाची टपरीसुद्धा नाही, आणि महामार्ग दोन्हीकडून बंदिस्त असल्यामुळे मध्येच उतरून एखाद्या गावात शिरायची सोय नाही. पुढच्या भाड्याला जाऊबाईंनी त्यांना डबा बांधून दिला. गाडीतल्या पाहुण्यांनी त्यातलाच अर्धा संपवला आणि परतीच्या डब्याचे पैसे देतो म्हणाले. सुरुवात झाली ती अशी.

आता हॉटेलं, फूड मॉल होत आहेत, आणि 5 जून 2025 ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. सगळा रस्ता 701 किलोमीटरचा झाला. रस्त्यावर खायला मिळायला लागलं की आपलं दुकान बंद, असं गावात पुष्कळ जण म्हणाले. तसं झालं नाही, कारण तोवर आमचं खरं गिऱ्हाईक बदललं होतं. यवतमाळ, दारव्ह्याकडून येऊन कारंजाला समृद्धीवर चढणारी कुटुंबं आणि पुण्याला शिकणारी, नोकरी करणारी पोरं. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालेल्या पोराला ढाब्यावरचं पनीर नको असतं. त्याला घरून बांधून दिल्यासारखं हवं असतं, आणि त्याच्या आईला वावरातून येऊन ते करायला वेळ नसतो. ती आम्हाला फोन करते.

काय द्यायचं, यावर पहिल्या बैठकीत चांगलंच वाजलं होतं. तरुण मुलींचं म्हणणं, लोक विदर्भाचं म्हणून जे ओळखतात तेच द्यावं. सासूबाई कोपऱ्यात तूर निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रस्सा गाडीत कोन खाते वो? कपड्यावर सांडला तं त्याचा डाग तुमीच धुऊन देसान काय?" तिथेच पाटवडीचा निकाल लागला. मग त्यांनीच विचारलं, वावरात आपण काय नेत होतो? सकाळी बांधलेली भाकर दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर सोडायची, मधला सगळा वेळ ती फडक्यात बांधून, मुंग्या लागू नयेत म्हणून बाभळीच्या फांदीला टांगलेली. उन्हात टिकेल, सांडणार नाही, ताटाशिवाय खाता येईल, पाण्याच्या घोटावर भागेल. प्रवासाच्या जेवणाला याच्यापेक्षा वेगळं काय लागतं?

यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे आमच्या कारंजावरूनच जायची. त्या नॅरोगेज गाडीत बसलेल्या आमच्या आधीच्या पिढीला शिदोरीशिवाय प्रवास माहीतच नव्हता. तिकडे गाडी रमतगमत जायची, इकडे समृद्धीवर ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. भूक मात्र तेव्हाही लागायची आणि आताही लागते.

खोक्यातला मुख्य जिन्नस म्हणजे दशमी. पाण्यात मळलेली भाकर तव्यावरून थेट ताटात पडली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण संध्याकाळपर्यंत ती कडक होते आणि कडेनं तुटते. दशमीचं पीठ दुधात मळतात, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही नरम राहते. आम्ही ज्वारीच्या पिठात साधारण चौथा हिस्सा कणीक घालतो. नुसत्या ज्वारीला चिकटपणा नसतो, दशमी गुंडाळायला घेतली की मोडते. कोमट दूध, मीठ, थोडे तीळ, थापून मध्यम आचेवर शेकायची आणि शेवटी दोन्हीकडून तेलाचं बोट फिरवायचं. तव्यावरून उतरवली की टोपलीत एकेक वेगळी पसरायची. गरम दशम्या एकावर एक रचल्या की खालची घामेजते आणि तिचा लगदा होतो, हे नवीन मुलींना सांगून सांगून माझी जीभ झिजली. पीठही ताजंच लागतं. ज्वारीचं दळण जास्त दिवस पडलं की पीठ विरी जातं, म्हणजे होता तेवढाही चिकटपणा जातो, मग दूध घाला नाहीतर तूप, दशमीला चिरा पडणारच.

ही ज्वारी आमच्या वावरातली नाही, हेही सांगून टाकते. आमच्या भागात सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. उरलीसुरली ज्वारी रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं ठेवत नाहीत, कणसं भरली की पाखरं येतात ती वेगळीच. राखण करायला माणूस कुठून आणायचा? त्यामुळे विदर्भाच्या शिदोरीतली दशमी सोलापूरकडच्या मालदांडी ज्वारीची असते. एखादं गिऱ्हाईक चव ओळखतं आणि टोकतं. आम्ही हो म्हणतो.

दशमीच्या आत कोरडं बेसन. झुणकाच तो, पण कांद्याशिवाय. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकलेला असताना कांद्याचं बेसन बंद डब्यात संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारायला लागतं, कारण कांद्याला पाणी सुटतं. म्हणून फक्त लसूण, जिरं, भिवापूरच्या मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद. या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे म्हणून आम्ही त्या घेतो असं नाही. वायगावची हळद रंगाला गडद आहे, कमी लागते, हा साधा हिशोब आहे. बेसन कढईच्या कडा सोडून मोकळं व्हायला लागलं तरी उतरवायचं नाही, आणखी थोडं परतायचं. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं तर सुटावा, इतकं कोरडं. गार झाल्यावर दशमीत भरून गुंडाळी करायची. ताट नको, चमचा नको. यामुळे ड्रायव्हर लोक एका हातानं खातात. गाडी बाजूच्या थांब्यावर लावूनच जेवा, असं आम्ही खोक्यावर छापलंय. कोण वाचतंय!

लहान मुलांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या असतात, ओवा आणि तीळ घालून घट्ट मळलेल्या. सोबत जवसाची चटणी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण आणि लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटायचा. ही चटणी महिन्याची एकदम करून ठेवता येत नाही. कुटल्यावर जवसाचं तेल मोकळं होतं आणि काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. म्हणून थोडी थोडी, दर दोन-तीन दिवसांनी. हिरव्या मिरचीचा ठेचा फक्त थंडीत, तोही वेगळ्या पुडीत. स्लीपर बसमध्ये एकानं ठेचा उघडला की वरच्या बर्थवाल्याला खोकला येतो. तशी तक्रार एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आमच्याकडे रीतसर केली होती.

सांबारवडी हा एकच नावाजलेला पदार्थ आम्ही ठेवलाय आणि तोच सगळ्यात जास्त छळतो. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला दर वेळी सांगावं लागतं. सांबार धुऊन, फडक्यावर पसरून सावलीत पूर्ण सुकवायचा. पान ओलं राहिलं तर तळताना वडी फुटते आणि नंतर मऊ पडते. सारणात भाजलेलं खोबरं, खसखस, तीळ. पारीला आतून चिंचेचा कोळ आणि मसाला. खोबरं सुकंच, ओला नारळ प्रवासात चालत नाही. घरी ही वडी कढीसोबत खातात, गाडीत नुसतीच खावी लागते, म्हणून चिंच थोडी जास्त घालतो. थंडीत सांबार स्वस्त असतो तेव्हाच ही वडी मिळते. पावसाळ्यात जुडीचा भाव ऐकला की आम्ही यादीतून तिचं नाव खोडतो. लोक रुसतात. रुसू द्यावं.

गोडाला गुळ-शेंगदाण्याचा लाडू आणि हंगामात एक संत्रं. आंबिया बहाराचं संत्रं हिवाळ्याच्या तोंडाशी येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सुरी लागत नाही. घाटात ज्यांना मळमळतं ते साल नाकाशी धरतात, हे आम्हाला एका आजोबांनी सांगितलं. उन्हाळ्यात संत्र्याच्या जागी लिंबाचं गोड लोणचं जातं.

बांधणीवर जेवढं डोकं चालवलं तेवढं स्वयंपाकावरही चालवलं नसेल. बाहेर खराब होणारं अन्न बहुतेक वेळा वाफेमुळे खराब होतं. गरम पदार्थ झाकला की वाफेचं पाणी होतं, ते परत अन्नावर पडतं, आणि कोमट ओलावा मिळाला की नासायला वेळ लागत नाही. म्हणून सगळं गार करूनच भरायचं. उन्हाळ्यात ते गार कसं करणार? कूलरसमोर ठेवावं तर त्याची ओली हवा पुऱ्यांना लागते. शेवटी वेळच बदलली. मे महिन्यात पहाटे तीनला चुली पेटतात, सहाला खोकी भरलेली असतात. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्ससाठी पुऱ्या दुपारी तळतो, दशमी पहाटेचीच देतो, ती टिकते. आत पळसाचं पान, त्यावर बटर पेपर, बाहेर कागदी खोकं. पळस आमच्याकडे हवा तितका आहे, पत्रावळीची सवयही हाताला आहे. मात्र पान वाळलेलं चालत नाही, कडकून चुरा होतो. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या चमच्या-ताटल्यांवर देशभर बंदी आहे. आम्हाला चमचाच लागत नसल्यामुळे त्याची झळ बसली नाही. वर्तमानपत्रात मात्र काहीही बांधत नाही. छपाईची शाई अन्नाला लागते, अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही तसं वारंवार बजावलंय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या उद्योगाला अन्न परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला 100 रुपये. ते काम सोपं गेलं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान होतं, पण ते कर्जाला जोडलेलं. म्हणजे आधी बँक पटायला हवी होती. एका बँकेनं आम्हाला हेलपाटे मारायला लावले आणि शेवटी "पुऱ्यांना कशाला मशीन?" असं विचारून परत पाठवलं. त्याच योजनेत बचत गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल मिळत होतं, त्यावर आमचं पीठ मळायचं यंत्र आणि मोठी कढई झाली.

सगळ्यात अवघड गोष्ट माणसांची. दिवाळीला पुण्या-मुंबईची गर्दी सुरू होते, आमच्याकडे ऑर्डरी तिप्पट होतात, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी उरकून कापूस वेचाई सुरू होते. वेचाईचे पैसे किलोवर मिळतात. हात चालणारी बाई दिवसाला जे कमावते ते मी देऊ शकत नाही, आणि तिनं वावर सोडून माझ्याकडे यावं असं मी म्हणणारही नाही, कारण माझाही कापूस कोणीतरी वेचायचाच आहे. म्हणून पहाटेची पाळी ठेवली. साडेसहाला हात धुऊन बायका वेचाईला जातात, आणि जाताना त्याच दशमीची शिदोरी घेऊन जातात. ती फुकट. त्यावरून गटात एकदा हिशोबाचा वाद झाला, पण ठराव झाला तो झालाच.

सध्या एका माणसाचं खोकं 130 रुपयांना आहे, दोघांचं 240. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत सांगावी, कारण दूध त्याच वेळी सांगून ठेवावं लागतं. दुचाकीला महामार्गावर बंदी असल्यामुळे आमचा मुलगा इंटरचेंजच्या अलीकडे, कारंजा बाजूला उभा असतो. गाडी आत शिरायच्या आधीच खोकं घ्यावं. टोलनाका ओलांडून मग फोन केला तर तो आत येऊ शकत नाही. जानेवारीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुन्हा सुरू करतोय. गेल्या हंगामात गाडीभर टरफलं झाल्याची कुरकुर आली होती, त्यामुळे यंदा शेंगांसोबत एक रिकामी कागदी पिशवीही मिळेल.