नारिंगी टोपण

आमच्या दवाखान्यात निपाणीच्या आसपासच्या खेड्यांतून शुगरचे जे पेशंट येतात, त्यांत विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसायचं, उठायचं ते स्वयंपाकापुरतं, आणि मध्येमध्ये गोड चहा. साठी ओलांडलेली ही आज्जी त्यांतलीच एक. दिवाळीच्या आधी तिचं बरं चाललं होतं. इन्सुलिन सकाळी २० आणि रात्री १२ युनिट, उपाशीपोटीची शुगर १३०-१४० च्या घरात. पुढे काय झालं कोण जाणे, शुगर चढतच गेली. डॉक्टर डोस वाढवत सकाळी ३०, रात्री २० पर्यंत आले. त्या दिवशी उपाशीपोटी निघाली २९४. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ११ च्या वर.

अशा वेळी पहिला संशय पेशंटच्या तोंडावर जातो. गळिताचे दिवस, गावाला लागूनच गुऱ्हाळ, दारोदार ताजी काकवी. सोबत आलेल्या सुनेनं खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "सिस्टर, आत्ती चोरून गूळ खात्यात बघा. डबा वरच्या फळीवर ठेवलाय, तरीबी." आज्जी पदराचा शेव बोटाला गुंडाळत खाली बघत बसलेली.

शुगर वाढली की घरोघरी हे कोर्ट भरतं आणि आरोपी ठरलेला असतो. आपण दवाखान्यातले लोकही त्यात वकिली करतो, हे मला कधीच आवडलेलं नाही. पथ्य मोडल्यानं शुगर वाढते, खरंच आहे. पण डोस दीडपट करूनही आकडा जागचा हलत नाही, उलट चढतो, तेव्हा गुळाच्या खड्यापलीकडे बघायला पाहिजे. कुठं जंतुसंसर्ग आहे का? तळवे बघितले, बोटांच्या बेचक्या बघितल्या, जखम नाही. लघवीची तक्रार नाही, ताप नाही. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली चरबीची गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून बेंबीच्या दोन्ही बाजूंना दाबून बघितलं. पोट मऊ. बाटली फ्रीजच्या दारात असते, बर्फाच्या कप्प्यात नाही.

मग मी एक प्रश्न विचारला, तो मी जवळजवळ सगळ्यांना विचारते. "बाटली किती दिवस पुरते?"

सून खुशीत म्हणाली, "आता वीस दिवस जाती. पयले बाराच दिवसांत संपायची. तेवढं एक बरं झालंय."

माझा पेन थांबला. आपल्याकडे सरसकट मिळते ती बाटली १० मिलीची, दर मिलीत ४० युनिट, म्हणजे बाटलीत एकूण ४००. पूर्वी दिवसाला ३२ लागायचे, तेव्हा बारा दिवस हे बरोबर. आता दिवसाला ५०. आठ दिवसांत बाटली रिकामी व्हायला हवी. डोस वाढला आणि बाटली जास्त दिवस पुरू लागली, हे कसं?

"आज्जी, घरी कसं घेता ते करून दाखवा बघू."

"घेतो की रोज. त्यात काय दाखवायचं?" म्हणत तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. विड्या वळून वळून तयार झालेले हात. बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, हे शिकवलेलं तिनं अगदी तसंच केलं. गढूळ औषध सारखं पांढरं झालं. रबर पुसलं, ३० च्या रेघेपर्यंत हवा भरली, ती बाटलीत सोडली, बाटली उलटी धरून बरोबर ३० पर्यंत औषध ओढलं, बुडबुडा टिचकी मारून वर काढला. आमच्या शिकाऊ पोरींना उभं करून दाखवावं असं काम.

टेबलावर सिरिंजचं टोपण पडलं होतं. नारिंगी.

४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० च्या, म्हणजे दर मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते, तिच्यावरच्या रेघाच वेगळ्या. तिच्यावर ३० ची रेघ म्हणजे ०.३ मिली, आणि ४० च्या बाटलीतले ०.३ मिली म्हणजे फक्त १२ युनिट. रात्रीच्या २० चे होत होते ८. आज्जी महिनोन् महिने कागदावर ५० युनिट घेत होती आणि अंगात जात होते २०.

नातू कागलच्या एमआयडीसीत कामाला. दिवाळीला येताना आज्जीसाठी म्हणून तिकडच्या दुकानातून बारीक सुयांचा मोठा डबा घेऊन आला होता. "सुई कळतबी न्हाई टोचलेली," आज्जी कौतुकानं म्हणाली. "औषध जरा कमी दिसायचं. म्हटलं, नवीन सुई, असलंच असंल."

आता खरी घाई होती. लाल सिरिंज हातात देऊन "आता ही वापरा" म्हणून पाठवलं असतं, तर तिनं त्याच रात्री इमानदारीनं २० ची रेघ गाठली असती, सकाळी ३०. ज्या अंगाला ८ आणि १२ ची सवय, त्यात एकदम अडीचपट. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होते, फोन लावला. माणूस बागलकोटकडचा, मराठी बोलतो पण दचकला की कानडीवर जातो. "हौदा?" म्हणाले, आणि थोडा वेळ काहीच नाही. मग डोस पुन्हा २० आणि १२ वर आणला, आठवडाभर रोज शुगर तपासायची, आशाताईंना मी कळवायचं असं ठरलं.

शुगर उतरल्याची लक्षणं दोघींना समोरासमोर सांगितली. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. साखर आज्जीच्या हाताशी, उशापाशी पाहिजे.

सून चमकलीच. "म्हंजे साखरंचा डबा आता ह्यांच्याकडंच द्यायचा?" मग हळूच, "तर मग आत्ती गूळ खात नव्हत्या म्हणा."

आज्जीनं पहिल्यांदा मान वर केली. "खात हुतो की. खोटं कशाला बोलू? जेवल्यावर एवढासा." करंगळीचं पेर दाखवलं. तोही बंद करा म्हटल्यावर हसली.

पुढच्या फेरीला उपाशीपोटी १५२ होती, आणि या वेळी सोबत नातू. न फोडलेली पाकिटं दुकानदारानं परत घेतली होती, फोडलेली त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. पोरगा हुशार. आज्जीला इन्सुलिन टोचायचं पेन घेऊन द्यावं का, असं विचारत होता. म्हटलं, डॉक्टरांना विचारून अवश्य घे, पण पेनचं कार्ट्रिज १०० चं असतं. पेन बिघडलं म्हणून त्यातलं औषध कधी लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढाल, तर २० च्या रेघेला ५० युनिट जातील. त्यानं मोबाईल काढला, म्हणाला, "मावशी, सावकाश सांगा, लिहून घेतो."