कर्नलच्या डिरेक्टऱ्या हलवताना

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ३२ बिटच्या एक्स८६ प्रोसेसरांचा कोड आर्च/आय३८६ मध्ये आणि ६४ बिटचा आर्च/एक्स८६_६४ मध्ये, असे दोन संसार बरीच वर्षं वेगळे चालले. तीच दुरुस्ती दोनदा करायची, आणि हटकून एकीकडे राहायची. २.६.२४ साठी थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी दोन्ही आर्च/एक्स८६ मध्ये आणले, पण फायली लगेच एकजीव केल्या नाहीत. त्या नुसत्या हलवून नावाला _३२ किंवा _६४ जोडलं. जोड्या एक करण्याचं काम पुढच्या आवृत्त्यांत हळूहळू झालं.

आधी नुसतं हलवायचं, मग बदलायचं, हा क्रम सोडू नये. कोडचा इतिहास सांभाळणारं गिट नावबदलाची नोंद ठेवतच नाही. मजकूर ताडून अंदाज बांधतं, आणि मूळ सेटिंग ५० टक्के साम्याचं असतं. फाइल हलवतानाच ती निम्मीअधिक बदललीत तर इतिहास तिथेच तुटतो आणि स्टेबल शाखेवर, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या आवृत्तीवर, दुरुस्ती नेणाऱ्याचे हाल होतात. म्हणून हलवण्याच्या कमिटमध्ये (गिटमधल्या एका बदलात) मेकफाइल (बिल्डच्या सूचना), केकॉन्फिगमधली (कर्नलच्या पर्यायांच्या फाइलमधली) सोर्स ओळ आणि सापेक्ष मार्गाचे इन्क्लूड एवढंच बदलावं. पॅच काढताना गिटला -एम (नावबदल ओळखण्याचा पर्याय) द्या. हजार ओळींच्या फाइलऐवजी परीक्षकाला 'साम्य १०० टक्के' एवढंच दिसतं. आणि प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड झालं पाहिजे, नाहीतर बायसेक्ट करणारा, म्हणजे कुठल्या कमिटने बिघाड आणला ते शोधणारा, मधेच अडकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे लिंकचा क्रम. एकाच पातळीवरचे इनिटकॉल (कर्नल सुरू होताना चालणारी फंक्शनं) लिंक झालेल्या क्रमाने चालतात, आणि तो क्रम मेकफाइलमधल्या ओबीजे-वाय ओळींवरून ठरतो. डिरेक्टरी वरखाली झाली की ड्रायव्हर आपल्या आधाराच्या आधीच उठू शकतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही. कर्नलला इनिटकॉल_डीबग हा पर्याय देऊन बदलाच्या आधी आणि नंतर बूट करा आणि दोन्ही लॉग ताडून बघा.

मॉड्यूलचं (कर्नलमध्ये वेगळ्याने लोड होणाऱ्या भागाचं) नाव ऑब्जेक्ट फाइलवरून येतं. डिरेक्टरी बदलली तरी ते टिकतं. फाइलचं नाव बदललं तर मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या साधनाच्या) सेटिंगा आणि पॅरामीटर निकामी होतात. मॉड्यूलचा मार्ग मात्र डिरेक्टरीबरोबर बदलतो, तेव्हा मार्ग लिहून ठेवलेल्या इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमच्या) स्क्रिप्ट तपासा. ३.२ मध्ये नेटवर्क ड्रायव्हर उत्पादकांनुसार ड्रायव्हर्स/नेट/इथरनेटखाली गेले, तेव्हा उत्पादकांचे नवे केकॉन्फिग पर्याय मुळात 'वाय' ठेवले होते. नाहीतर जुनी .कॉन्फिग (निवडलेल्या पर्यायांची फाइल) वापरणाऱ्याचं नेटवर्क कार्ड गुपचूप गळालं असतं.

कुठला कोड कोण सांभाळतं याची यादी असलेल्या मेंटेनर्स फाइलमधल्या 'एफ:' ओळी, म्हणजे फायलींचे मार्ग, लोक विसरतात. गेट_मेंटेनर स्क्रिप्टला सेल्फ-टेस्ट करायला सांगितलं की मेलेले मार्ग ती दाखवते.

मोठं स्थलांतर मर्ज विंडोच्या (नवे बदल आत घेण्याच्या काळाच्या) शेवटी, आरसी१ च्या, म्हणजे पहिल्या चाचणी आवृत्तीच्या, तोंडावर करावं. तोवर बहुतेकांच्या शाखा आत आलेल्या असतात. शक्यतो स्क्रिप्टच पाठवावी, म्हणजे ताज्या सोर्स-झाडावर (कोडच्या नव्या प्रतीवर) ती पुन्हा चालवता येते.