सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

जूनमधल्या एका पहाटे टोमॅटोचे साठ क्रेट लादून झाले, ताडपत्री आवळून झाली आणि नारायणगावच्या बाजाराला निघायचे म्हणून चावी फिरवली, तर पिकअपचा सेल्फ नुसताच फिरत राहिला. आदल्या संध्याकाळी हीच गाडी अर्ध्या चावीत चालू झाली होती. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा प्रयत्न केला. तोवर शेजारचे तात्या टॉर्च घेऊन आले आणि त्यांनी बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला, "बॅटरी गेली रे. नवी टाक."

बॅटरी गेलेली नव्हती, हे सेल्फच्या आवाजावरून कळत होते. बॅटरी उतरली की सेल्फ रडतो, प्रत्येक फेऱ्याला दम खातो आणि शेवटी नुसती टकटक करतो; आमचा सेल्फ मात्र रोजच्याच जोमाने फिरत होता. तरी खात्री असावी म्हणून मल्टीमीटर लावला. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट आणि सेल्फ मारताना १०.४ व्होल्ट दिसले. सेल्फ सुस्त फिरला किंवा फिरताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर मग बॅटरीकडे, टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या बुरशीकडे किंवा इंजिनापासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीकडे वळावे. ती पट्टी गंजून ढिली झाली, तर नवी कोरी बॅटरीही मेल्यासारखी वागते आणि माणूस विनाकारण सेल्फ उतरवून बसतो. आमच्याकडे हा अर्धा भाग दोन मिनिटांत बाजूला पडला.

यानंतर मी इंजिनाकडे न जाता सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरा पटींनी दाबली गेली की ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे डिझेल आत पोचते आहे पण पेटत नाही, असे असेल तर सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, आणि डिझेलच पोचत नसेल तर धूराचा मागमूसही नसतो. पहिल्या प्रकारात थंडी, हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा), कमी झालेले कॉम्प्रेशन म्हणजे हवेची दाबणूक, पाणी मिसळलेले डिझेल असा शोध घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात फक्त टाकी ते नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, एवढीच वाट तपासायची असते. आमच्या सायलेन्सरमधून धुराची एक रेघही आली नाही, आणि माझ्या मते त्या सकाळचे निम्मे काम तिथेच झाले.

आमची गाडी २००९ची, रोटरी पंपाची आहे; म्हणजे डिझेल दाबून नोझलांना पुरवणारा पंप जुन्या, यांत्रिक पद्धतीचा. तिच्यात संगणक नाही. या पंपावर डिझेल बंद करणारा एक छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो आणि त्याची तार तुटली किंवा फ्यूज उडाला की सेल्फ फिरत राहतो पण डिझेलचा थेंब पुढे जात नाही. चावी 'ऑन'वर नेली की पंपाजवळ बारीकसा 'टक' आवाज आला पाहिजे. पहाटेच्या शांततेत तो आवाज स्पष्ट ऐकू आला, म्हणजे तिथेही खोट नव्हती. मग फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे ढिला केला आणि हातपंप मारायला लागलो. आधी नुसतीच फुसफुस झाली, मग साबणाच्या फेसासारखे डिझेल आले, आणि तीस-पस्तीस वेळा दाबल्यावर कुठे सलग धार लागली. गाडीने एअर धरली होती, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली होती.

एवढीशी हवा एवढे मोठे इंजिन का अडवते, असे पुतण्याने विचारले. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल दाबून जवळजवळ आक्रसत नाही, म्हणून पंपाचा दाब जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. पण नळीत हवेचा बुडबुडा असेल, तर पंपाचा प्रत्येक ठोका तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतो आणि नोझल बंदच राहते. म्हणून स्क्रू आवळल्यावर नोझलकडे जाणाऱ्या दोन नळ्यांचे नट थोडे सैल केले, पुतण्याला दहा-दहा सेकंदच सेल्फ मारायला लावला, मध्ये मिनिटभर थांबलो, आणि नटांपाशी डिझेल उसळू लागताच ते आवळले. पुढच्या सेल्फला इंजिन दोन सिलिंडरवर लंगडत उठले आणि काही क्षणांत चौघांवर आले.

हे नट सैल करण्याचे काम फक्त जुन्या पंपाच्या गाडीवरच करावे. कॉमन रेलच्या गाड्यांत, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच जाड नळीतून (रेलमधून) दाबलेले डिझेल मिळते त्यांत, आणि १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस सहा (प्रदूषण नियमांच्या) डिझेल पिकअप त्याच प्रकारच्या आहेत, रेलमधला दाब हजार बारच्याही वर जातो; तिथे बारीक फटीतून उडालेली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी थेट शस्त्रक्रियेचे प्रकरण असते. तसेच एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून इंजिन उठवायची जी जुनी खोड आपल्याकडे आहे, तिला मी माझ्या गाडीजवळ फिरकू देत नाही. ज्या इंजिनात डिझेलच पोचत नाही, त्याला जाळ दाखवून मिळणार तरी काय?

गाडी चालू झाली, माल पोचला. पण हवा शिरली कुठून, हे कळलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच घडले आणि दिवसभर मात्र गाडी बिनतक्रार चालली. तात्यांनी आता पंप उतरवून शहरात पाठवायचा सल्ला दिला. खाली कुठेही डिझेलचा डाग नव्हता, आणि नेमके तेच फसवे होते. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीची असते. इंजिन चालू असताना तिच्यात दाब नसून शोषण असते, म्हणून तिच्यातल्या भेगेतून डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरते आणि फिल्टरमधले डिझेल हळूहळू टाकीत परतते. आमच्या अंगणाला चढ आहे, गाडीचे तोंड वर असते आणि त्या आठवड्यात टाकी पाव भरलेली होती. म्हणजे डिझेलला परतायला उतारही मिळाला होता.

भेग नेमकी कुठे आहे हे शोधायला फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा हातभर तुकडा बसवला. इंजिन चालू केल्यावर त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग जाताना दिसले. मग टाकीकडून येणारी नळी फिल्टरपासून सोडवली, पाच लिटरच्या कॅनमध्ये डिझेल भरून तो फिल्टरपेक्षा खाली, जमिनीवर ठेवला आणि त्यातून फिल्टरला डिझेल दिले. बुडबुडे थांबले. म्हणजे फिल्टर, त्याचे रबर आणि हातपंप निर्दोष होते आणि दोष टाकी ते फिल्टर यांच्यामध्येच होता. तिथे सगळी लोखंडी नळी आहे, फक्त दोन्ही टोकांना वीतभर रबर.

चार दिवसांपूर्वी फिल्टर बदलला होता, त्या वेळी फिल्टरकडच्या टोकाचे रबर पिळून ओढलेले असणार. वरून ते धडधाकट दिसत होते. काढून बोटांत वाकवले, तेव्हा क्लॅम्पच्या खुणेलगत केसाएवढी चीर उघडली आणि सोडताच मिटली. डिझेलला टिकणाऱ्या रबराचा तेवढाच तुकडा आणि दोन नवे क्लॅम्प आणून बसवले. पारदर्शक नळी डिझेलने कडक होऊन तडकते, म्हणून तीही काढून टाकली. त्या रात्री गाडी मुद्दाम तशीच चढावर, पाव टाकीवर उभी केली. पहाटे तात्या टॉर्च घेऊन बाहेर येईपर्यंत इंजिन चालू झाले होते.