बर्सूमवरचा वूला

एडगर राइस बरोज यांची 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' काल रात्री तिसऱ्यांदा वाचून संपवली. १९१२ साली मासिकातून क्रमशः आलेली ही कथा. ॲरिझोनातल्या गुहेतून नायक जॉन कार्टर थेट मंगळावर (तिथल्यांच्या भाषेत बर्सूमवर) पोचतो, उठून उभा राहायला जातो आणि तीन यार्ड वर उडतो! गुरुत्वाकर्षण मंगळाचं, स्नायू पृथ्वीवरचे. तलवारबाजी राहिली बाजूला, आधी त्याला चालायलाच नव्याने शिकावं लागतं. हे मला फार आवडतं.

पण माझा खरा जीव वूलावर, मंगळावरच्या त्या कुत्र्यासारख्या प्राण्यावर. दहा आखूड पाय, बेडकासारखं डोकं, सुळ्यांच्या तीन रांगा; कार्टरवर पाळत ठेवायला नेमलेला. त्याला जन्मात कुणी माया लावलेली नसते. कार्टर त्या कुरूप डोक्यावरून हात फिरवतो, तिथे दर वेळी माझे डोळे भरून येतात.